बाबांनी न विचारलेला प्रश्न

ऑक्टोबरातल्या दुपारी नागपूरचं घर अर्धवट झोपेत असतं. पडदा ओढला तरी एक कवडसा आत येतोच आणि त्यात धूळ तरंगत राहते. त्या वर्षी त्या कवडशाशेजारी बसून मी बाबांना माझं काम समजावलं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं मला बोलावलं होतं, तेही काही वर्षांसाठी. दसऱ्यापर्यंत उत्तर कळवायचं होतं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी गेले की बाबा एकटे, एवढं साधं गणित, आणि तेच मला सुटत नव्हतं.

बाबांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, टर्बाइनच्या धडधडाटात गेली. प्रयोग म्हटल्याबरोबर ते सरसावून बसले.

"या धुळीहून बारीक हिऱ्याचा कण घ्यायचा," मी म्हटलं, "अन् त्याले एकाच वेळी दोन जागी ठेवायचं."

"एकच कण?"

"एकच. असे दोन कण शेजारी शेजारी सोडायचे. मधात दुसरं काहीच नाही, फक्त एकमेकांच्या वजनाची ओढ. तेवढ्यानं दोघं एकमेकांत गुंतले, तर समजायचं का गुरुत्वाकर्षणही त्याच अजब दुनियेतलं आहे. अजून कोणाले जमलं नाही."

"मंग अडते कुठं?"

"हवेचा एक कण आदळला, जराशी उजेडाची तिरीप पडली, का झालं. 'नेमका कुठं आहेस रे?' असं कोणी इचारल्यावाणी तो एका जागी येऊन बसते."

बाबांनी मान डोलावली आणि डोळे मिटले. पालथ्या घड्यावर पाणी, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. "काय वं, चालली का मंग परदेशात?" मी तोंड उघडायच्या आत बाबा आडवे आले. "तिले काही इचारू नका. इचारलं का बिघडते." आत्याचा फोन तर त्यांनी माझ्यापर्यंत येऊच दिला नाही. 'चहा घेतेस का' हेसुद्धा विचारणं बंद. कप गुपचूप शेजारी येऊन बसायचा.

"बाबा, मी काय हिऱ्याचा कण आहो का?"

"चूप राह्य. हवा लागू देऊ नको."

खरं सांगते, ते दिवस मला फार आवडले. दुपारी पडल्यापडल्या गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक ऐकू यायची, आणि मी कधीच न पाहिलेला बर्फाचा रस्ताही डोळ्यांपुढून जायचा. दोन्ही एकाच खोलीत मावत होती. पण आत कुठेतरी सलतही होतं. हे विचारत का नाहीत? मी राहावं असं यांना वाटतच नाही का?

खंडेनवमीला बाबा दरवर्षी पाटावर आपले पाने, पक्कड, टेस्टर मांडून पूजा करतात. नोकरीत होते तेव्हा टर्बाइनलाही हार घालायचे. त्या सकाळी मी आंघोळ करून आले तर पान्यांच्या शेजारी माझा पासपोर्ट. त्यावर झेंडूचं फूल आणि ओल्या कुंकवाचा भलामोठा टिळा, पार आतल्या पानापर्यंत झिरपलेला. तो डाग मला आता दर विमानतळावर समजावून सांगावा लागतो.

"हे काहून ठेवलं इथं?"

"अवजारं पुजून राहिलो ना. तुह्यं अवजार आता तेच."

माझा पारा चढला. "मी जावं का राहावं, एकदा तरी इचारलं का मले?"

बाबांनी घसरलेलं फूल सारखं केलं. "इचारलं असतं, तर माह्या तोंडाकडे पाहून तू 'नाही जात' म्हटलं असतं."

"मंग?"

"मंग मले बहुत आनंद झाला असता. त्याचंच भेव वाटे."