चावीवाल्याची ठमी

चांगदेव रणपिसे हा रेल्वेतला चावीवाला. कुलपं दुरुस्त करणारा नव्हे हो. रुळाला स्लीपरवर घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या रोज पायी जाऊन बघायच्या आणि सैल दिसेल ती हातोड्यानं ठोकून बसवायची, ही त्याची नोकरी. खांद्यावर हातोडा, काखेत लाल आणि हिरवं निशाण, आणि पायाखाली दौंड आणि पाटसमधला सहा किलोमीटरचा तुकडा. एवढ्या वर्षांत त्याच्या तुकड्यात एक चावी सैल सापडली म्हणून कुणी बोट दाखवलं नाही. हे तो स्वतःच सांगायचा आणि सांगताना मान जरा ताठ करायचा. का करू नये?

तर ह्या सातवी पास चावीवाल्यानं एक पुस्तक लिहिलं, आणि त्याला लिहायला लावलं एका कुत्रीनं. हसू नका, खरं तेच सांगतोय.

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात रुळाखालच्या मोरीत त्याला एक पिल्लू सापडलं. बाकीची भावंडं थंडीनं गेलेली, हे एकटंच कुंईकुंई करत होतं. त्यानं ते हत्यारांच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं. रेल्वे क्वार्टरच्या दीड खोलीत माणसांनाच पाय पसरायला जागा नाही, त्यात हे कशाला, म्हणून विठाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, भांडीकुंडी आपटली. दोन दिवसांनी तीच दुधात भाकरी कुस्करून भरवत बसली होती. ठमी हे नावही तिनंच ठेवलं. आमच्या बायकांचा राग असाच असतो.

ठमी मोठी झाली तशी रोज ड्युटीवर पुढं चालायला लागली. एक दिवस चांगदेव वाकून चावी ठोकत होता, निशाणं बाजूला खडीवर ठेवलेली. ठमीनं लाल निशाण तोंडात धरलं आणि दोन रुळांच्या मधून धूम ठोकली, थेट पाटसच्या दिशेनं. समोरून मालगाडी. लाल ते लाल, ते हातात आहे का तोंडात हे ड्रायव्हरनं कशाला बघावं? त्यानं ब्रेक मारला आणि चाळीस डब्यांची गाडी भर रानात उभी राहिली. चांगदेव धापा टाकत पोचला तेव्हा ठमी इंजिनापुढं बसून शेपूट हलवत होती आणि ड्रायव्हर खाली उतरून तिच्याकडं नुसता बघत होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा कागद आला, लेखी खुलासा द्या. असा खुलासा चार ओळींचा असतो: चूक झाली, पुन्हा होणार नाही, माफी असावी. चांगदेवानं पाच पानं लिहिली. ऊन कुठं होतं, वारा कुठला, निशाण कसं फडफडत गेलं, ड्रायव्हर काय बोलला, आणि बोलता येत असतं तर ठमी काय बोलली असती, सगळं. साहेबांनी तो खुलासा ऑफिसात मोठ्यानं वाचला. कारकून पोट धरधरून हसले. साहेबांनी ताकीद द्यायची ती दिलीच, पण जाताना त्याला थांबवून म्हणाले, "चांगदेव, तू लिहीत जा."

झालं. तेव्हापासून गडी लिहायला लागला. चालता चालता तोंडानं वाक्य जुळवायचं. तारेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ते संपलं पाहिजे. नाही संपलं तर वाक्य लांबलं, पुन्हा पहिल्यापासून. ठमी पुढं, वाक्य मागं. मग फाटकावरच्या खोलीत भाकरी खाऊन झाली की ते वहीत उतरवायचं. आणि रविवारी सकाळी क्वार्टरच्या पायरीवर बसून आठवड्याची पानं ठमीला वाचून दाखवायची. ह्यात कधी खंड पडला नाही. ठमी मान वर करून ऐकायची आणि तिचं नाव आलं की शेपूट फरशीवर आपटायची, थप थप. विठाबाई धान्य निवडत आतून ऐकायची. ठमीला वाचून न दाखवलेलं पान चांगदेवाला कच्चंच वाटायचं.

नऊ वर्षांत पुस्तक पुरं झालं. वडगाव रासाईतलं लहानपण, पाणवठ्यावर झालेला अपमान, परक्याच्या उसात राबणारी आई, रेल्वेतली भरती, सगळं त्यात आलं. आणि मधूनमधून ठमी, रुळावर जशी यायची तशीच.

त्याची मुलगी माया शिरूरला शिक्षिका होती. तिनं वह्यांची एक झेरॉक्स घरी ठेवली आणि वह्या पुण्याच्या एका प्रकाशनाकडं पाठवल्या. तिथल्या संपादक अनुपमाबाईंचं पत्र आलं, वळणदार अक्षरात. लेखन त्यांना फार आवडलं होतं, दिवाळीपर्यंत पुस्तक काढायची तयारी होती. फक्त एक करा म्हणाल्या, ती कुत्री काढा. वाचक हे पुस्तक तुमच्या वेदनेसाठी हातात घेईल, कुत्रीच्या गमतीजमतींनी ती वेदना हलकी होते. बाई वाईट नव्हत्या, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

चांगदेवानं ते पत्र दहादा वाचलं. त्या प्रकाशनाची पुस्तकं मायाच्या शाळेच्या कपाटात होती, त्यानं त्यांवरून हात फिरवला होता. दुसरा प्रकाशक त्याला ठाऊक नव्हता आणि दारात कुणी उभं करील असंही वाटत नव्हतं. आपलं नाव त्या कपाटात लागणार का नाही, एवढाच प्रश्न होता. शेवटी त्यानं होकार कळवला आणि महिनाभर बसून घरच्या प्रतीत ठमीला एकेका पानातून उपटून काढलं. त्या महिन्यात रुळावर तिच्याशी एक शब्द बोलला नाही. लाज वाटत होती, दुसरं काय!

पाकीट बांधायचं राहिलं होतं. पण वाचल्याशिवाय पान घराबाहेर पाठवायचं कसं? रविवारी तो पायरीवर बसला आणि वाचायला लागला. ठमी आता म्हातारी झालेली, तरी येऊन बसली. एक प्रकरण झालं, दोन झाली, पाच झाली. ती मान वर करून ऐकत होती. दुपार व्हायला आली तरी शेपूट काही हललं नाही. शेवटी तिनं हनुवटी फरशीवर टेकली, पण डोळे काही त्याच्या तोंडावरून हलवले नाहीत.

विठाबाई सूप हातात घेऊन दारात आली. "ती वाट बघतीया," ती म्हणाली. "तिचं नाव अजून आलं न्हाई."

चांगदेवाला पुढचं अक्षर दिसेना. पुण्याच्या बाईंचं म्हणणं त्यानं कसंबसं सांगितलं. विठाबाईनं सूप खाली ठेवलं.

"दुख्ख आपल्या समद्यांनी सोसलंय, ते लिवलंच पायजे," ती म्हणाली. "पन आपून हसलो बी हाय. ते कोन लिवनार?"

त्याच दुपारी चांगदेवानं पत्र लिहिलं. बाई, तुमचा मान मोठा आहे, पण ही कुत्री काढून जो माणूस उरतो तो मी नाही. पुस्तक तिच्यासकट घ्या, नाहीतर वह्या परत पाठवा. तीन आठवड्यांनी वह्या परत आल्या, सोबत सभ्य चार ओळी. चांगदेव दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी हातोडा उचलून ठमीच्या मागं चालायला लागला.

पुस्तक निघालंच, निघाल्याशिवाय कसं राहील? शिरूरला हौसरावांचा छापखाना होता, लग्नपत्रिका आणि सोसायटीची पावतीपुस्तकं छापणारा. मायानं त्यांना गाठलं. हौसरावांनी जन्मात पुस्तक छापलं नव्हतं, म्हणून प्रत्येक पान जपून छापलं, जणू पोरीच्या लग्नाचीच पत्रिका. दोन वर्षं लागली. ठमी पुस्तक निघायच्या आदल्याच थंडीत गेली. चांगदेवानं तिला क्वार्टरमागं पुरलं आणि साहेबांकडं एका दिवसाची रजा मागितली, कारण खरं लिहून. साहेब आता दुसरे होते, तरी रजा मिळाली.

प्रकाशन वडगाव रासाईच्या बुद्धविहारात झालं. वंदना झाली, भाषणं झाली, आणि चांगदेवाला दोन पानं वाचायला सांगितली. तो उभा राहिला. त्यानं ठमीचंच प्रकरण काढलं. पहिल्या पानाला कुणीतरी मागं फिसकन हसलं. दुसऱ्याला सगळा विहार हसायला लागला, म्हातारे, पोरंटोरं, दाराशी उभे असलेले पाटीलवाड्यावरचे दोघंतिघंसुद्धा. चांगदेवाला थांबावं लागलं, आवाज ऐकूच जाईना. पहिल्या रांगेत विठाबाई ताठ बसली होती आणि सगळ्यांकडं वळूनवळून बघत होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण हे पुस्तक कुणामुळं असं छापलं गेलं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कार्यक्रम झाल्यावर तानुबाई पुढं आली. जन्मभर रुळाच्या कामावर खडीची घमेली वाहिलेली बाई, चांगदेवाच्या आईच्या जोडीची. तिनं त्याचा हात धरला.

"बाळा, आपल्यातल्याचं पुस्तक म्हनल्यावर मी रडायच्या तयारीनं आले हुते," ती म्हणाली, आणि ओला पदर डोळ्यांवरून फिरवत पुन्हा हसायला लागली.