शेजारच्या फोल्डरमधली हेडर फाइल

वैशाली विठ्ठलवाडीची. ठाण्यात पंपांचे कंट्रोलर बनवणाऱ्या आमच्या छोट्या कंपनीत सी भाषेत प्रोग्रॅम लिहिते. एकदा माणूस आपला म्हटला की तिच्या मनात किंतु राहत नाही. तिच्यानंतर आलेल्या सुश्रुतला काम शिकवलं ते तिनेच. पंपाचे सगळे आकडे कॉमन फोल्डरमधल्या एकाच हेडर फाइलमध्ये, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम जी मागवून वाचतात त्या फाइलमध्ये, कुणी स्वतःची कॉपी ठेवायची नाही, हा नियमही तिचाच.

शीळफाट्याच्या एका सोसायटीत टाकीत पाणी नसताना पंप चालत राहिला आणि जळला. कोरडा पंप किती सेकंदांनी बंद करायचा तो आकडा वैशालीचा. साहेबांनी भर मीटिंगमध्ये तिचं नाव घेतलं आणि तिच्याकडचं नव्या पंपाचं काम सुश्रुतकडे देऊन टाकू म्हणाले. सुश्रुत मान खाली घालून बसलेला. त्याला आपल्यासाठी वाईट वाटतंय, असं ती मला म्हणाली. भोळीच.

तिने आकडा बदलला, तरी टेबलावरचा चाचणीचा पंप उशिराच बंद होई. पुन्हा बदलला, तेच. मग तिला शंका आली, की आपली फाइल वाचली तरी जातेय का?

अवतरणचिन्हांत फाइलचं नाव दिलं, की प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरचा फाइली गोळा करणारा भाग, आधी मागणाऱ्या फाइलच्याच फोल्डरमध्ये बघतो. तिथे नसेल तरच आपण दिलेल्या फोल्डरांकडे, दिलेल्या क्रमाने जातो, आणि पहिली मिळाली की थांबतो. शेजारी मीठ मिळालं तर दुकानात कोण जाईल? कुठली फाइल कुठून उघडली, हे तिने कंपायलरकडून छापून घेतलं. पत्ता सुश्रुतच्या फोल्डरचा निघाला; पंप बंद करणारा प्रोग्रॅम त्याच फोल्डरमध्ये होता. तिथे त्याच नावाची कॉपी होती, आकडा वाढवलेला.

"ही तुझी?" तिने विचारलं.

"हो गं. डेमोला पंप सारखा बंद पडत होता, म्हणून टाकलेली."

"मीटिंगमध्ये आठवत होतं?"

"मला वाटलं, तू शोधशीलच. हुशार आहेस तू."

मी शेजारीच होते. केसाने गळा कापायचा आणि वर कौतुक करायचं. माझं डोकं अजून तापतं.

वैशालीने साहेबांना सगळं दाखवलं. "ठीक आहे, टीमकडून चूक झाली," ते म्हणाले.

"आणि नवा पंप?"

"कस्टमरला सुश्रुतचं नाव कळवलंय आता. तू मदत कर त्याला."

"सर, माझं नाव सगळ्यांसमोर घेतलंत. त्याचंही तसंच घ्याल?"

साहेब फोन कानाला लावून बाहेर गेले. फोन वाजला नव्हता.