दाजींना दिलेलं उत्तर

आमच्या जिल्ह्यात पाण्याच्या टाकीवर चढलं तरी समुद्र दिसत नाही. तरी मी सागरी जीवशास्त्रज्ञ झालो. वीस वर्षं पाण्याखाली पोवळी मोजली. बोटीत मला ओकाऱ्या होतात, हे संशोधन मात्र अप्रकाशितच ठेवलं.

थोरली बहीण खांडबाऱ्याला दिलेली. दाजी दरवर्षी गुजरातच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटीवर मजुरीला जायचे. त्या वर्षी निघायच्या आधी त्यांचा फोन आला.

"समुद्रराव, परवा बोट निंघी ऱ्हायनी. जाऊ का नको?"

समुद्राचं पाणी वादळ उठण्याइतकं तापलंय, हे माझ्या टेबलावर आकड्यांत पडलं होतं. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, पण त्या दिवशी माझ्या तोंडून ऑफिसातली मराठी निघाली.

"दाजी, अचानक वादळ होण्याची शक्यता नाकारता येत नाही. पण खात्रीनं सांगण्याइतका पुरावा नाही."

दाजी हसले. "इतला शिकेल माणूस 'नको' म्हनत नही, म्हंजे जावाले हरकत नही!"

बोट परत आली नाही. देह मिळाला नाही, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. पानं ओली होती, पेटायला वेळ लागला. घरी आल्यावर बहिणीनं विचारलं, "भाऊ, तुले माहीत व्हतं का?"

"बरंचसं."

"मंग 'नको जाऊ' इतलं म्हनाले तुन्ही जीभ का बरं अडकनी?"

पोवळी तशीही पांढरी पडून मरत होती आणि मी त्यांची मढी मोजत होतो. ते काम सोडलं. आता दिल्लीत समुद्र आणि हवामानाच्या धोरणाचे मसुदे लिहितो. मी लिहितो, 'बोटी सोडू नयेत.' बैठकीतून कागद परत येतो तेव्हा तिथे 'शक्यता नाकारता येत नाही' असं असतं. वाक्य ओळखीचं आहे. कुणावर चिडायची सोय नाही. मी खोडतो, ते पुन्हा घालतात.

परवा बहिणीच्या दिराचा फोन आला. तोच किनारा, तशीच बोट. मी श्वासही न घेता म्हणालो, "नको जाऊ."

"बरं, नही जात," तो म्हणाला. "मंग खाऊ काय, ते सांग."

मसुद्यात त्यावर एकही ओळ नव्हती. मीच लिहिलेली नव्हती.

आज सकाळी बहिणीचा फोन आला. दीर बोट गाठायला सुरतेच्या गाडीत बसला होता.