दोनदा बोलणारे चाचा

अजूनही सकाळचे साडेसात वाजले की माझा हात सेटकडे जातो. त्या वेळेला अचलपूरचे चाचा हवेवर यायचे. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, मी अकोल्यात जठारपेठेत, आणि दोघंही हॅम रेडिओवाले, म्हणजे घरच्या सेटवरून हवेतून एकमेकांशी बोलणारे हौशी. कापसानं मान टाकलेली ती वर्षं; तेल्हाऱ्याकडे पाऊस आहे का, यातच आमचं निम्मं बोलणं संपायचं. चाचा प्रत्येक वाक्य दोनदा बोलत. मी चिडवलं की म्हणायचे, खरखर एखादा शब्द खाते, दुसऱ्या खेपेला तो सापडतो.

मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. मला तो आवाज ठेवून घ्यायचा होता, बस्स.

ऑपरेशनआधीच्या त्यांच्या शेवटच्या बोलण्यासाठी मी नवा रिसीव्हर कॉम्प्युटरला जोडला होता. तो दर सेकंदाला लहरींचे लाखो नमुने डिस्कवर टाकतो. शहाण्या माणसानं चाचांच्या आवाजापुरती लहरींची अरुंद पट्टी घेतली असती, नमुने आधी मेमरीत जमवून मग डिस्कवर उतरवले असते, आदल्या दिवशी तासभर चालवून पाहिलं असतं. मला हाव सुटली. अख्खा बँड घेतला, तोही जुन्या, भरत आलेल्या डिस्कवर. वर माझी ऐट पाहा:

"चाचा, आज एकदाच बोला. इथं समदं रेकॉर्ड होऊन राह्यलं. काईच सुटत नाई."

त्यांनी माझं ऐकलं, हेच वाईट झालं. त्या दिवशी ते सगळं एकदाच बोलले. मीही त्याच कॉम्प्युटरवर ऐकत होतो. शेवटी "बेटा, तुले सांगतो" एवढं आलं आणि तुटलं. हवेचीच गडबड असेल, नंतर साफ करून ऐकू, असं ठरवून मी पुन्हा विचारलंही नाही. नंतर पाहतो तर स्क्रीनच्या तळाशी इंग्रजी 'O' अक्षरांची रांग. डिस्कला लिहिणं झेपलं नाही की प्रोग्राम नमुने सांडतो आणि तेवढी एक खूण करतो. सांडलेलं परत मिळत नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

महिन्याभरानं एसटीनं अचलपूरला गेलो. चाचांच्या गळ्याला पट्टी होती. त्यांना तो तुकडा ऐकवला आणि पुढे काय बोलला होतात, असं विचारलं. त्यांनी ओठ हलवले. मला कळलं नाही. कागद पुढे करायचंही सुचलं नाही. मग त्यांनी तेच सवयीनं पुन्हा एकदा, सावकाश म्हटलं. समजल्यासारखी मी मान हलवली.