दादाचा चमकणारा ड्रॅगन

पन्नाशीतही दादा आणि मी एका पत्त्यांच्या खेळातली अद्भुत प्राण्यांची फॉइल कार्डं जमवतो. उजेडात तिरकी धरली की ती चमकतात. दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याचा अल्बम माझ्याकडे होता. त्यातला फॉइल ड्रॅगन काढून मी माझा साधा ड्रॅगन तिथे सरकवला.

पंचवटीतल्या घरी परतल्यावर दादाने खिडकीशी कार्ड तिरकं केलं. "चमक दिसत नाही रे. ऑपरेशन फसलं."

"भातातला खडा बरा दिसतो तुम्हाला!" वहिनी म्हणाली. मी अल्बम मिटून ठेवला.

महिन्याने त्याने दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नाकारलं, तेव्हा मी खरा ड्रॅगन त्याच्या हातात दिला. "डोळा चांगला आहे, दादा. कार्ड मी चोरलं होतं."

त्याने कार्ड तिरकं केलं. "दिसतंय," एवढंच म्हणाला. अल्बम तेव्हापासून वहिनीकडे असतो.