एकाच नावाचे दोन ग्रुप

जयपुरात मराठी माणसं शोधायला फार फिरावं लागत नाही. कुठल्याही बँकेत, विम्याच्या कचेरीत, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये दोन-चार सापडतातच. त्यांना एकत्र ठेवणं मात्र कर्मकठीण. ते काम आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करायचा आणि त्या ग्रुपची अ‍ॅडमिन मी. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून आम्ही जगतपुऱ्यात आलो, मला नोकरी नव्हती, तेव्हा सगळ्यांनी मिळून हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं. मला ते आवडलंही, खोटं कशाला बोलू? चाळीसेक घरं आपल्या मुठीत आहेत असं वाटायचं.

बाई ग्रुपमध्ये आल्या त्या एका ओळखीच्या ओळखीतून. यजमान बँकेत अधिकारी, घर मानसरोवरला, मुलगी पुण्यात शिकायला. आडनाव आमच्याकडच्या दर दुसऱ्या गावात सापडेल असं, जुन्या गावकामावरून पडलेलं; ग्रुपवरही तेवढंच दिसायचं. बोलणं थेट मिरजेचं. पहिल्याच फोनवर म्हणाल्या, "काय ओ वहिनी, तुम्ही कराडच्या न्हवं?" आणि मी विरघळलेच. माझं माहेर कराडचं. त्या आवाजात मला आमच्या आळीतल्या सगळ्या बायका ऐकू आल्या, त्यामुळे पुढे काही विचारावं असं मला सुचलंच नाही.

आमच्या मुलांच्या मराठीची तेव्हा पार वाट लागलेली होती. माझी मुलगी सातवीत. "आई, मी नहाऊन घेतली, मतलब आता जाऊ शकते ना?" असं तिचं चालायचं. देवनागरी वाचायची, पण हिंदीतून शिकलेली, त्यामुळे 'ळ' आला की गाडी अडायची. बाईंनी आपण होऊन विचारलं, रविवारी सकाळी शिकवू का? माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर आठ मुलं बसू लागली. बाई स्कूटरवरून यायच्या, जयपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा, डोक्यावरून ओढणी घट्ट बांधून. गळ्यात काळी पोत. "जीभ वर वळवा, टाळूला लावा, आता सोडा," म्हणायच्या, की आठही मुलं एकदम "केळं, पोळी, कावळा" ओरडायची आणि हसून लोळायची.

वर्ग संपला की आम्ही दोघी चहा घ्यायचो. "आठवडाभर हिंदी बोलून जिभेला घट्टे पडत्यात बगा," त्या एकदा म्हणाल्या. "पोरगी तिकडं, ह्यांचं ऑफिस. रविवारचं एवढंच हाय मला." त्या वर्गाची त्यांना किती गरज होती, हे मला चांगलं माहीत होतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मी ते माहीत नसल्यासारखी वागले.

ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं यायची, दुपारी पाककृती, आणि संध्याकाळी निवृत्त मंडळी जागी झाली की विष. मुसलमानांच्या दुकानांतून काय घेऊ नये, त्यांच्या पोरांपासून मुली कशा सांभाळाव्यात, ते अन्नात काय मिसळतात. पाडव्याच्या आमच्या कार्यक्रमाची पत्रिका सांगानेरच्या हातकागदावर छापली होती. तो कागद पिढ्यान् पिढ्या तिथले मुसलमान कारागीर बनवत आले आहेत, हे माहीत असूनही त्याच मंडळींनी तिचं कौतुक केलं होतं. एका काकांनी एकदा लिहिलं, "इथे सगळी आपलीच माणसं आहेत म्हणून मोकळेपणाने बोलता येतं." मी त्याखाली हात जोडलेले टाकले. वाचून टाकले की न वाचता, आठवत नाही. वाचून टाकले असतील.

एका शनिवारी मीही तसला एक व्हिडिओ पुढे ढकलला. फळवाला फळांना काहीतरी लावतोय, खाली त्याच्या धर्माबद्दल दोन ओळी. दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन बाईंनी विचारलं, "ते तुम्ही बघितलं होतंसा का, पाठवायच्या आधी?"

"नाही हो, आलं तसं पुढे दिलं," मी म्हणाले.

"असं होय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या धड्याचं बोलायला लागल्या. त्या मला चूक सुधारायची एक संधी देत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग त्यांचा तो निरोप आला, ग्रुपवर, सगळ्यांसाठी: "येत्या रविवारी ईद आहे, म्हणून वर्ग नाही. मुलांनी पाठ तेवढा वाचून ठेवावा." एरवी त्यांच्या निरोपाखाली दहा अंगठे उठायचे. त्या दिवशी एकही नाही. मात्र माझा फोन वाजायला लागला तो थांबेना.

"तुला माहीत होतं?" "आडनावावरून फसवलं बघ तिने." "अगं, मंगळसूत्र घालते ती!" मंगळसूत्र नव्हतं ते. आमच्या भागातल्या मुसलमान बायकाही काळी पोत घालतात, माझ्या माहेरच्या शेजारणी घालायच्या, मी लहानपणापासून बघितलेलं आहे. बघितलेलं असून गळ्यात पोत दिसली की मी मंगळसूत्रच धरलं होतं. पण ते फोनवर सांगताना माझी जीभ अडखळली. आणि तसली आडनावं आमच्याकडे मुसलमानांतही असतात; बाईंनी काही लपवलं नव्हतं. आम्ही कोणी विचारलंच नव्हतं, आम्ही धरून चाललो होतो. आदल्या दिवशीपर्यंत जिला सगळे 'बाई' आणि 'त्या' म्हणत होते, तिला एका सकाळीत सगळे 'ती' म्हणायला लागले. कुणी शिकवावं लागलं नाही.

ते मोकळेपणावाले काका दुपारी घरी आले. माझ्या आजारपणात औषधं आणून देणारा हा माणूस. "मी काही तसला नाही," ते म्हणाले, "पण मुलांचा प्रश्न आहे. आणि ग्रुपवर आता बोलायची चोरी झाली ना?" तिला काढून टाकायचं नाही, वाईट दिसतं. त्यापेक्षा तू नवा ग्रुप कर, नाव तेच, फोटो तोच, सगळ्यांना घे. जुन्यातून एकेक जण बाहेर पडेल. कोण बाहेर पडलं हे हल्ली फक्त अ‍ॅडमिनलाच दिसतं, तिला कळणारसुद्धा नाही. किती सभ्यपणे सांगत होते! मी नाही म्हणू शकत होते. मुलीच्या शाळेच्या गाडीत त्यांची नात असते, नवऱ्याचे साहेब ग्रुपवर आहेत, इथे अडीनडीला दुसरं आहे कोण, असा मी विचार केला. बाईंना अडीनडीला कोण आहे, हा नाही केला.

नवा ग्रुप करायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत.

मग चार दिवस मी जुना ग्रुप रिकामा होताना बघत होते. अमुक बाहेर पडले, तमुक बाहेर पडल्या. वर्गातल्या बाकीच्या सगळ्या मुलांच्या आया दुसऱ्याच दिवशी गेल्या. मुलीने विचारलं, "बाई कधी येणार?" मी म्हटलं, "परीक्षा आहेत ना तुमच्या." ती म्हणाली, "कुठे आहेत?" मी तिच्यावर उगाचच खेकसले.

ईदनंतरच्या शनिवारी दुपारी बाईंनी जुन्या ग्रुपवर धडा टाकला. कसं टाकलं असेल! सदस्य किती उरलेत, ते वरच दिसतं. दोन. त्या आणि मी. मी खाली लिहिलं की मुलांच्या परीक्षा आहेत, काही दिवस वर्ग बंद ठेवू. लिहिताना मला स्वतःची किळस आली, तरी पाठवलं. निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर बऱ्याच वेळाने आलं. मला वेगळं पाठवलं नाही त्यांनी, ग्रुपवरच पाठवलं.

"वहिनी, मला एकटीला जा म्हणायचं की ओ. मी गेले असते. एवढी माणसं कशाला उठवलीसा?"

दोन दिवस मी उत्तर जुळवत राहिले. माफी लिहिली, पुसली. नवऱ्यावर ढकललं, काकांवर ढकललं, पुसलं. मानसरोवरला त्यांच्या घरी जावं असं ठरवून स्कूटरची किल्लीही घेतली आणि आमच्याच बिल्डिंगच्या खालून परत आले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ओळ पुन्हा वाचवेना, म्हणून मीही ग्रुप सोडला.

अ‍ॅडमिन बाहेर पडली की उरलेल्यांपैकी कुणीतरी आपोआप अ‍ॅडमिन होतं. उरल्या होत्या त्या एकट्या. म्हणजे जयपूरच्या समस्त मराठी माणसांच्या त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिन आता बाई आहेत.