बेबीताईच्या गोळ्या

अमरावतीत फुलं विकून विकून बेबीताईची बोटं झेंडूसारखी पिवळी झाली होती. पंचेचाळिशी उलटली आणि तिचं अंगावरून जाणं थांबेना. शेवंतीची पाटी उचलली की डोळ्यांपुढे अंधारी. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी आतला तुकडा काढून तपासला आणि स्पष्टच सांगितलं, "गर्भाशयाचं अस्तर जाड झालंय. सहा महिने रोज या गोळ्या. एकही चुकवायची नाही, नाहीतर पुढे कॅन्सरची भीती."

गोळ्या बघून बेबीताईला हसूच आलं. या तर ओळखीच्या! सणावाराला पाळी पुढे ढकलायला गल्लीतल्या बायका ह्याच घेत. तरी घेत राहिली. तीन महिन्यांत रक्त थांबलं. थकवा मात्र हाडांत मुरलेला, तो काही हलायचं नाव घेईना.

भादव्यात महालक्ष्म्या आल्या, तशा शेजारच्या माणिकबाई दारात उभ्या.

"बेबीताई, माही तारीख नेमकी त्याच दिवशी येऊन राहिली. दुकानात मागाले लाज वाटते, तो पोरगा ओळखीचा हाय. तुमच्यापाशी हायेत न गोळ्या? द्या न बापा."

देवीच्या कामाला नाही कसं म्हणायचं? बेबीताईनं पट्टी दिली. मागोमाग आणखी दोघी आल्या. डबी रिकामी.

सून वर्षाली चिडली. "आई, तुमचं औषध हाय ते!"

"आता रक्त तं थांबलं न व? चार दिवसानं काय होते! सण झाला का आणू."

ऐन सणात फुलवालीला उसंत कुठली? बेबीताई दिवसभर हार ओवत बसली, गोळ्यांचं विसरूनच गेली.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी पहाटेच तिचं लुगडं भरलं. गल्लीतल्या साऱ्या देव्यांच्या गळ्यात तिचे हार, आणि ती स्वतः मागच्या पडवीत, गोणपाटावर, भिंतीला टेकून. आत वर्षाली एकटीच सोळा भाज्यांशी झुंजत होती. बेबीताईला रडायचंही त्राण नव्हतं. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. आता पुन्हा अकोला, पुन्हा तो तुकडा. या खेपेला त्यात काय निघेल?

संध्याकाळी माणिकबाई नवं पातळ नेसून, कपाळभर कुंकू लावून आंबील घेऊन आल्या. वाटी त्यांनी लांबच ठेवली आणि चार पावलं मागं सरकल्या.

"काहून बेबीताई," त्या हळहळून म्हणाल्या, "तुमी गोळी नाई घेतली का?"